चाळीस हजार भरून पोरीला थेट नॅशनलला पाठवू का?

प्रश्न: मॅडम नमस्कार. माझी मुलगी सतरा वर्षांची, अकरावी सायन्सला आहे. लहानपणी कडबाकुट्टीत तिचा डावा हात गेला, कोपराच्या थोडं खालपर्यंतच राहिलाय. त्या दिवशी वैरण करायला मीच तिला पाठवलं होतं, ते अजून डोक्यातून जात नाही. यंदा जिल्ह्याच्या दिव्यांग क्रीडा स्पर्धेत ती १०० मीटरला दुसरी आली. सरांच्या घड्याळात टाइम १५.८ आला. सर म्हणतात ही एशियन पॅरा गेम्सला जाऊ शकते. तिथेच मैदानावर एक जण भेटले, ते म्हणतात चाळीस हजार द्या, नॅशनलला डायरेक्ट एन्ट्री करून देतो, सर्टिफिकेट मिळेल, पुढे सरकारी नोकरीला कामाला येईल. मिस्टर सोयाबीनचे पैसे द्यायला तयार आहेत. मला भीती वाटते. पुढच्या वर्षी बारावी आहे. ती कॉलेजला पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून, ओढणीत हात लपवून जाते, ती मैदानावर चारचौघांत कशी पळणार? सासूबाई म्हणतात आधीच एक हात नाही, पडली झडली तर कोण करणार हिच्याशी लग्न. काय करू? – एक आई, बीड जिल्हा

उत्तर:

ताई, आधी पैशांचं बोलू, कारण सोयाबीनचे पैसे घरात आलेले असले की निर्णय फार पटकन होतात. देऊ नका. चाळीस नाही, चार पण नाही, अर्धे आत्ता अर्धे काम झाल्यावर असंही नाही. नॅशनलला डायरेक्ट एन्ट्री नावाची गोष्ट विकत घेण्यासारखी नसतेच मुळी. पॅरा अ‍ॅथलेटिक्सच्या नॅशनलला खेळाडूचं नाव राज्याच्या संघटनेकडून जातं, आणि राज्याची संघटना ते पाठवते राज्य स्पर्धेत तुम्ही काय केलं ते बघून. एन्ट्री फी, लायसन्स फी असले किरकोळ खर्च असतात, नाही असं नाही, पण ते संघटनेच्या खात्यावर जातात आणि पावती मिळते. मैदानाच्या कडेला उभं राहून फोन नंबर वाटणाऱ्या माणसाच्या खात्यावर जात नाहीत.

आणि समजा त्याने खरंच कुठल्यातरी "ऑल इंडिया पॅरा" अमुकतमुक स्पर्धेला नेलं, हॉटेलात ठेवलं, गळ्यात पदक घालून फोटो काढला, तरी ते सर्टिफिकेट नोकरीच्या वेळी पडताळणीला जाणार आहे विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या ऑफिसात, आणि तिथे स्पर्धा मान्यताप्राप्त होती का, तुमचं नाव खरंच निकालात आहे का हे सगळं तपासतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या मराठवाड्यात किती गाजली ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यात सर्टिफिकेट विकणारे नंतर सापडोत न सापडोत, ज्याच्या नावावर कागद असतो त्याची नोकरी मात्र जाते. पोरीच्या नावावर असला कागद नको. मिस्टरांना हे असंच सांगा, "मॅडम नको म्हणाल्या" एवढंच सांगू नका, त्याने काही होत नाही. त्यांना म्हणावं त्या माणसाला तीन गोष्टी विचारा, संघटना कुठली, ती पॅरालिम्पिक कमिटी ऑफ इंडियाला, म्हणजे पीसीआयला, जोडलेली आहे का, आणि पैसे संघटनेच्या बँक खात्यावर भरले तर चालतील का. तिसऱ्या प्रश्नाला फोन कट होतो बघा.

आता खरं काम. तुमच्या पत्रात टाइम आहे, सर आहेत, सासूबाई आहेत, पण एक गोष्ट नाही, आणि सगळं त्यावर अडलंय. तिचा क्लास, म्हणजे पॅरा खेळातला तिचा गट, कुठला? हे कोणी सांगितलेलंच दिसत नाही तुम्हाला.

जिल्ह्याच्या स्पर्धेत काय करतात, अंध, मूकबधिर, मतिमंद आणि अस्थिव्यंग असे चार ढीग करतात आणि अस्थिव्यंगात हात गेलेली, पाय आखूड असलेली, पोलिओवाली, सगळी पोरं एका रेषेवर उभी करतात. त्यांचाही इलाज नसतो, पोरं कमी, वेळ कमी, दुपारी जेवणाच्या आत बक्षीस समारंभ उरकायचा असतो. पण त्या रेसमध्ये तुमची लेक दुसरी आली ह्याचा अर्थ फार काही निघत नाही, चांगला पण नाही आणि वाईट पण नाही. जी पहिली आली तिला नक्की काय होतं, ती पुढच्या पातळीवर कुठल्या क्लासात बसली असती, बसली तरी असती का, हे कोणाला माहीत. राज्य स्पर्धेपासून वरचा हिशोबच वेगळा आहे. तिथे क्लास असतात, ट्रॅकसाठी पुढे टी आणि फेकीसाठी एफ, आणि मग आकडा. ११ ते १३ दृष्टीचे, २० बौद्धिक, ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सी वगैरे, ४० नि ४१ कमी उंचीचे, ४२ ते ४४ पायाचे, ४५ ते ४७ हाताचे, पन्नाशीतले व्हीलचेअरवाले आणि बसून फेकणारे, आणि ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून पळणारे. तुम्ही लिहिलंय त्यावरून, एक हात कोपराच्या खालून गेलेला, म्हणजे धावण्यात ती टी४७ मध्ये आणि गोळा-भाला फेकला तर एफ४६ मध्ये बसेल असं दिसतं. दिसतं म्हणते कारण ठरवणारी मी नाही, क्लासिफायर ठरवतात.

इथे एक गैरसमज सगळ्या घरांत असतो. आपल्याकडे युडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, टक्के असतात ना, चाळीस, साठ, सत्तर, त्यावरून लोकांना वाटतं टक्के जास्त म्हणजे क्लास चांगला. तसं काही नाही. ते टक्के सरकारी सवलतींसाठी, एसटीच्या पाससाठी. खेळातला नियम वेगळा बघतो, की ह्या कमतरतेमुळे ह्या खेळात नेमकं किती अडतं. म्हणून चार बोटं गेलेला मुलगा कार्डावर दिव्यांग असतो पण अ‍ॅथलेटिक्सच्या ट्रॅकवर तो बसत नाही, मनगटातून किंवा त्याच्या वरून हात गेलेला असावा लागतो. पाय आखूड असेल तर फरक किमान सात सेंटिमीटरचा हवा. कित्येक पोरं तीनचार वर्षं घाम गाळतात आणि मग क्लासिफिकेशनला "नॉट एलिजिबल" शिक्का घेऊन घरी येतात, आईबापांना वाटतं राजकारण झालं. राजकारण नसतं, पहिल्या दिवशी कोणी विचारलंच नाही एवढंच असतं. तुमच्या लेकीचं ह्या बाबतीत तरी काळजीचं कारण दिसत नाही.

क्लासिफिकेशनला जाताना घाबरायचं काही नाही पण आधी माहीत असलेलं बरं. एका खोलीत क्लासिफायरांचं पॅनल असतं, एखादा डॉक्टर किंवा फिजिओ आणि एखादा खेळ कळणारा टेक्निकल माणूस. तुमची लेक अठराच्या आत आहे म्हणजे तिच्याबरोबर कोणीतरी मोठं माणूस आत लागेलच, तुम्ही जा, सरांना पाठवू नका. हात उघडा दाखवावा लागतो, ते टेपने मापतात, कोपर किती वाकतं, खांद्यात ताकद किती ते बघतात, दुसरा हात पण बघतात, कधी व्हिडिओ करतात. मग स्पर्धेत तिला पळताना कोपऱ्यात उभे राहून बघतात. हॉस्पिटलचे जुने कागद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, युडीआयडी, जन्माचा दाखला, जे असेल ते एका फाइलीत घालून न्या. अपघाताच्या वेळचे कागद गहाळ झाले असतील तर आत्ताच सिव्हिलला जाऊन नवीन एक्स-रे आणि डॉक्टरांचं लेखी घ्या. आणि हे देशातलं क्लासिफिकेशन झालं म्हणजे संपलं असं पण नाही, परदेशात गेल्यावर आंतरराष्ट्रीय पॅनल परत बघतं. टोकियो पॅरालिम्पिकला आपल्या विनोद कुमारने थाळीफेकीत ब्राँझ जिंकलं होतं आणि क्लास ठरवता येत नाही म्हणून ते काढून घेतलं गेलं, अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं ते. त्याची केस गुंतागुंतीची होती. हात गेलेल्याचं त्या मानाने सरळ असतं, टेप लावली की कळतं.

क्लासनंतर इव्हेंट. हे पण सरांनी ठरवून टाकलेलं दिसतंय, १०० मीटर, कारण जिल्ह्याला १०० मीटरच होती. अहो तिला लांब उडी मारून बघू दे, ४०० पळून बघू दे, भाला हातात देऊन बघा. उजवा हात चांगला आहे ना तिचा. एफ४६ म्हटलं की आटपाडीच्या सचिन खिलारीचं नाव आठवतं, सांगली जिल्हा असला तरी दुष्काळी तालुका तो, आपल्यासारखाच. त्याने चीनमधल्या हांगझोऊच्या एशियन पॅरा गेम्सला गोळाफेकीत सोनं घेतलं १६.०३ मीटर, आणि पॅरिस पॅरालिम्पिकला १६.३२ फेकून सिल्व्हर. आणि टी४७ म्हटलं की नाशिकच्या सुरगाणा तालुक्यातला दिलीप गावित, आदिवासी पाड्यातलं पोरगं, एक हात नाही, त्याने त्याच हांगझोऊला ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत मारली, आणि ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक होतं. नाशिकला वैजनाथ काळे सरांकडे तयार झालेला मुलगा. तुमच्या लेकीला त्याचा व्हिडिओ दाखवा, शेवटचे ऐंशी मीटर कसा पळतो ते.

इव्हेंट निवडताना अजून एक गोष्ट बघायची जी खेडेगावातल्या सरांना सहसा माहीत नसते. प्रत्येक क्लासची प्रत्येक शर्यत प्रत्येक स्पर्धेत नसते. खेळाडू कमी असले की दोनतीन क्लास एकत्र करतात, नाहीतर इव्हेंटच काढून टाकतात. देवेंद्र झाझडिया, जो आता पीसीआयचा अध्यक्ष आहे, त्याने २००४ ला अथेन्समध्ये भाल्यात सोनं घेतलं, आणि मग २००८ च्या बीजिंगला आणि २०१२ च्या लंडनला त्याच्या क्लासचा भालाच ठेवला नव्हता. वर्ल्ड रेकॉर्ड असलेला माणूस आणि त्याला फेकायला स्पर्धा नाही. बारा वर्षं थांबला, २०१६ ला रिओला परत सोनं घेतलं. तो झाझडिया होता म्हणून थांबला, सगळ्यांना नाही जमत. म्हणून एकाच इव्हेंटवर सगळं लावू नका, एक ट्रॅक आणि एक फील्ड असं धरून चला, आणि दर वेळी इव्हेंटची यादी आली की आधी ती वाचा.

सरांचं एशियन पॅरा गेम्सचं म्हणणं. सर चांगल्या मनाने बोलले असतील, त्यांचा उत्साह मी मोडणार नाही, पण तुम्हाला खरं चित्र कळायला हवं. ह्या स्पर्धेचं मूळ जपानात आहे, युताका नाकामुरा नावाचे हाडांचे डॉक्टर होते, त्यांनी इंग्लंडला जाऊन बघितलं की कंबरेखाली लुळे पडलेले पेशंट खेळायला लावले की सुधारतात, आणि मग १९७५ मध्ये आपल्या ओईता गावी आशिया आणि पॅसिफिकमधल्या देशांसाठी फेस्पिक गेम्स भरवल्या. (त्या काळी जपानात पण लोक म्हणायचे की अपंगांना असं लोकांसमोर खेळवणं बरं दिसत नाही. सासूबाईंना सांगा, त्या एकट्या नाहीत.) फेस्पिक २००६ पर्यंत चालल्या आणि २०१० पासून एशियन गेम्स झाल्या की त्याच शहरात एशियन पॅरा गेम्स होतात. ग्वांगझोऊला भारताची पदकं होती १४, इंचॉनला ३३, जकार्ताला ७२, आणि हांगझोऊला, जी २०२२ ची होती पण कोरोनामुळे ऑक्टोबर २०२३ ला झाली, तिथे १११, त्यात २९ सोनं. हे वाचून छाती फुगते, बरोबर आहे, पण आईने हे उलटं पण वाचायला हवं. २०१० ला टीममध्ये शिरणं आणि आज शिरणं ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आता हरियाणातली, तमिळनाडूतली पोरं पूर्णवेळ ह्यातच आहेत, त्यांच्याकडे कोच आहेत, फिजिओ आहेत.

तुमच्या लेकीचे १५.८ सेकंद हातातल्या घड्याळाचे. हातातलं घड्याळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण पाव सेकंद कमी दाखवतं, म्हणजे सोळा धरा. तिच्या क्लासमध्ये जगातल्या वरच्या मुली बारा सेकंदांच्या आसपास पळतात. ऐकून वाईट वाटून घेऊ नका. ती मुरमाच्या मैदानावर पळाली, बहुतेक साध्या बुटात नाहीतर अनवाणीच, स्टार्ट कसा घ्यायचा कोणी शिकवलेलं नाही, रोजची प्रॅक्टिस नाही. अशा पोरीचा टाइम पहिल्या वर्षी भराभर उतरतो. पण तो किती उतरेल हे मी पत्र वाचून सांगू शकत नाही आणि सर पण सांगू शकत नाहीत. २०२६ ची, जपानातल्या आयची-नागोयाची एशियन पॅरा गेम्स डोक्यातून काढा, बघायचंच असेल तर २०३० कडे बघा, तेव्हा ती विशीच्या पुढे असेल, पळण्याचं खरं वय तेच. मधल्या काळात राज्य स्पर्धा, मग पीसीआयची नॅशनल, खेलो इंडिया पॅरा गेम्स जी २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीला पहिल्यांदा झाली, एवढं सगळं आहे खेळायला. पायऱ्या भरपूर आहेत.

शितल देवी हांगझोऊला सोळा वर्षांची होती आणि दोन सोनं नि एक सिल्व्हर घेऊन आली, दोन्ही हात नसताना पायाने धनुष्य धरून, हे मला माहीत आहे आणि कोणीतरी तुम्हाला ते सांगेलच. सांगू दे. शितल देवी हे उदाहरण आहे, वेळापत्रक नाही.

आता एका हाताने पळणं म्हणजे काय, ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. पळताना हात नुसते शोभेला हलत नाहीत, उजवा पाय पुढे की डावा हात पुढे, त्याने धड सरळ राहतं. एका बाजूचं वजन कमी असलं की धड वळतं, पाऊल वाकडं पडतं आणि पुढे कंबर नाहीतर नितंबाच्या बाजूला दुखू शकतं. म्हणून खांदा, पाठ आणि पोट ह्यांचा व्यायाम रोज हवा, आणि तो दोन्ही बाजूंचा, अर्धवट राहिलेल्या डाव्या हाताला पण रबर बँड बांधून काम द्यायचं, लाडाने सोडून द्यायचं नाही. स्टार्टला ब्लॉकवर वाकायचं तर एक हात जमिनीला पोचतच नाही, तिरकं बसावं लागतं, मग सुटतानाच तोल जातो. त्यासाठी त्या हाताखाली ठोकळा किंवा पॅड ठेवायला नियमात परवानगी आहे, रेषेच्या मागे असला पाहिजे एवढंच. गावच्या सुताराकडून लाकडाचा करून घ्या, वरून फोम आणि रेग्झिन चिकटवा, तिच्या मापाचा. दोनशे रुपयांत होईल. पहिल्या महिन्यात टाइममध्ये जो फरक पडेल ना तो बहुतेक ह्या ठोकळ्याने पडेल.

पडेल का? पडेल. सगळेच पडतात. एका बाजूला टेकायला हात नाही म्हणून ती त्या बाजूला पडली तर स्टंपवर, म्हणजे तुटलेल्या हाताच्या टोकावर, किंवा तोंडावर पडेल, म्हणून चांगला कोच आधी पडायला शिकवतो, खांद्यावरून लोळून. त्या हाताला जाड मोजा शिवून द्या. सासूबाईंना म्हणा, पोरगी घरात पाण्याची कळशी एका हाताने उचलून ओट्यावर ठेवते तेव्हा कोणी म्हणत नाही पडली झडली तर.

बाह्यांचं. तिला पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून पळू दे ना, कोण नको म्हणतंय, नियमात बसतं. फुल ट्रॅक पँट, लेगिंग, डोक्याला रुमाल, सगळं चालतं. मुली चड्डी-बनियनवरच पळतात हे टीव्हीवरचं चित्र आहे. फक्त क्लासिफिकेशनच्या खोलीत हात दाखवावा लागेल, ते तिला आधी सांगून ठेवा, तिथे एकदम कळलं तर रडेल. आणि माझं ऐकाल तर एखादी राज्य स्पर्धा तिला नुसती बघायला घेऊन जा, नाव न घालता. वॉर्म-अपच्या जागेत बसा दोघी तासभर. कुंपणाला एखादा कृत्रिम पाय टेकवून ठेवलेला असतो, बुटासकट, आणि त्याचा मालक शेजारी बसून केळं खात असतो. दोन्ही हात नसलेला मुलगा कोणालाही हाक मारतो, ए जरा नंबर लाव रे. पाठीवर नंबर लावायच्या पिना एका हाताने लागत नाहीत, मग एक हात असलेल्या दोन मुली मिळून तिसरीला नंबर लावून देतात आणि मध्ये मध्ये पिना टोचल्या म्हणून खिदळतात. तिथे तुमच्या लेकीच्या हाताकडे कोणी ढुंकून बघणार नाही, बघितलंच तर टी४६ का टी४७ एवढंच बघतील, कारण तिच्याशी आपली रेस आहे का नाही हे त्यांना कळायला हवं असतं. ओढणी तिथे काढायची का नाही ते तिचं तिला ठरवू दे. तुम्ही काढ म्हणू नका.

लग्नाचं मी उत्तर द्यावं असं तुम्हाला वाटत असेल, पण सतराव्या वर्षी त्याचं उत्तर द्यायला मी तयार नाही. एवढंच म्हणते की आपल्या मराठवाड्यातल्याच नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव, व्हीलचेअरवरची बाई, हांगझोऊला गोळाफेकीत सिल्व्हर घेऊन आली आणि पॅरिसला भारताचा झेंडा घेऊन पुढे होती. तिच्या गावातही सासवा, चुलत्या, मावश्या असतीलच की.

बारावी सोडायची नाही. हे मी क्रीडाशिक्षक होते म्हणून जास्तच ठासून सांगते, खेळातलं करिअर एका दुखापतीत थांबतं आणि मग हातात काही नसलं की फार वाईट. पण बारावीसाठी पळणं सोडायचं पण नाही. सकाळी सव्वा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्याने कोणाचं फिजिक्स बुडत नाही, मोबाइलने बुडतं ते वेगळं. परीक्षेच्या आधी दोन महिने नुसता व्यायाम ठेवा. बारावीनंतर मग बघा, पुण्याला किंवा नाशिकला कॉलेज घेता येतं का, जिथे सिंथेटिक ट्रॅक आणि पॅराचं कळणारा कोच दोन्ही आहेत, त्या वेळी ते सोयाबीनचे पैसे लागतील, होस्टेलला.

सरांना सोडू नका. पॅराचं त्यांना माहीत नसेल पण पोरीला पळवलं त्यांनीच, आणि रोज सकाळी मैदानावर उभं राहणारा माणूस खेड्यात सहज मिळत नाही. त्यांनाच घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जा, राज्याच्या पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेची तारीख आणि संघटनेचा संपर्क तिथून लेखी घ्या. सरांना सांगा क्लास, नियम वाचून घ्या, त्यांना आवडेल. जिमवाल्याने पावडर नाहीतर गोळ्या दिल्या तर घेऊ नका, पॅरा खेळाडूंची पण डोप टेस्ट होते आणि चार वर्षांपर्यंत बंदी लागू शकते, खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरला विचारूनच.

ते वैरणीचं जे लिहिलंय तुम्ही. निषाद कुमार म्हणून हिमाचलचा मुलगा आहे, उंच उडीवाला, टी४७, तुमच्या लेकीचाच क्लास. आठ वर्षांचा असताना घरच्या गवत कापायच्या मशीनमध्येच त्याचा हात गेला. टोकियोला सिल्व्हर, पॅरिसला सिल्व्हर, हांगझोऊला सोनं. पंजाब, हरियाणा, हिमाचल, आपला मराठवाडा, जिथे जनावरं आहेत तिथे ती मशीन आहे आणि तिथे लेकरं काम करतात, सगळ्यांच्याच घरात कोणीतरी कोणाला तरी वैरण आणायला पाठवतं. हे तुम्ही लेकीशी कधी बोललात का? नसेल तर बोला, पण ती पळायला लागल्यावर, स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको. आणि मशीनला अजून गार्ड बसवलं नसेल तर ते आजच बसवून घ्या, धाकटी पोरं असतील घरात.

एक राहिलं. आधार, दहावीचं मार्कशीट आणि युडीआयडी, तिन्हीवर तिच्या नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे का ते आज रात्रीच काढून बघा. बहुतेक नसतं. ते दुरुस्त करायला दोनतीन महिने जातात, आणि राज्य स्पर्धेची एन्ट्री बंद व्हायच्या आदल्या दिवशी कळलं तर कोणीच काही करू शकत नाही.